खोट्या दाव्याचा खर्च कोणी सोसायचा?



ऊस विकास विभागाच्या पानावर कोर्टाचा विषय कसा, असे आपणांस वाटेल. पण लागणीची नोंद घेताना आमच्यापुढे सातबारा येतो, आणि पुष्कळदा त्याच्या मागोमाग भांडणही येते. दिघी, मोशी, चऱ्होली ही गावे १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. एकराची भाषा गेली, गुंठ्याची आली. भाव वाढले तसे काहींनी दाव्याचे हत्यार केले. दावा लावायचा, मनाई हुकूम मागायचा, आणि समोरचा हेलपाट्यांनी थकला की तडजोडीचे पैसे मागायचे.

अशा वेळी कायदा काय देतो? हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा, हा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ चा सर्वसाधारण नियम आहे. तसा खर्च देववायचा नसेल तर कोर्टाने कारणे लिहावी लागतात. तरीही 'उभयतांनी आपापला खर्च सोसावा' एवढ्यावर अनेक निकाल संपतात. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सेलम बार असोसिएशनच्या प्रकरणात यावर बोट ठेवले. खर्च म्हणजे कोर्ट फी व वकील फीच नव्हे, तर मोडलेला वेळ, प्रवास, मुक्काम हाही वाजवी प्रत्यक्ष खर्च धरावा, असे त्यात सांगितले आहे.

जाणूनबुजून खोट्या दाव्यासाठी वेगळे कलम ३५-अ आहे. मात्र त्याची मर्यादा पाहा: जास्तीत जास्त ३,००० रुपये! हा आकडा १९७६ च्या दुरुस्तीतला आहे. आता हिशेब करू. समजा दावा सहा वर्षे चालला, वर्षाला दहा तारखा, आणि दर तारखेला बुडालेला रोज व एस. टी. भाडे मिळून ५०० रुपये. झाले ३०,००० रुपये, वकिलांची फी वेगळीच. ३,००० रुपयांनी खोटे बोलणाऱ्याला काय धाक बसणार? २०१० साली विनोद सेठ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच ही मर्यादा वास्तवाला धरून सुधारावी, असे सुचविले होते.

म्हणून मिळेल तेवढे तरी सोडू नये. दावा खोटा आहे व वादीला ते ठाऊक आहे, हा आक्षेप कैफियतीतच घ्यावा. निकालाच्या दिवशी आठवून उपयोग नाही. पावत्या, नकला, साक्षीदारांचा भत्ता यांची फाईल ठेवावी आणि वकिलांना खर्चाची मागणी लेखी करण्यास सांगावे. वादीने मध्येच दावा काढून घेतला तरी ही भरपाई मागता येते. अपिलात मात्र हे कलम चालत नाही. समोरचा नुसत्या तारखा घेत असेल तर कलम ३५-ब आहे. त्याखाली कोर्टाने ठरविलेला खर्च पुढच्या तारखेला भरला नाही, तर त्याला आपला दावा किंवा बचाव पुढे चालविता येत नाही. हे कलम आम्हांला सर्वांत कामाचे वाटते.

एकामागून एक निराधार दावे लावण्याची ज्याला सवयच आहे, त्याच्यासाठी महाराष्ट्रात १९७१ चा स्वतंत्र कायदा आहे. महाधिवक्त्यांच्या अर्जावरून उच्च न्यायालय अशा इसमाला परवानगीशिवाय नवा दावा लावण्यास बंदी करू शकते.

आता थोडे कडू बोलतो. हरलेला प्रत्येक दावा खोटा नसतो. बांधाच्या मोजणीबद्दल दोघांचाही प्रामाणिक समज वेगळा असू शकतो. आणि जमीन विकायची वेळ आली की बहिणीने लावलेल्या वाटपाच्या दाव्याला आपल्याकडे सर्रास 'खोटा दावा' म्हणतात. तो तसा नाही. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि त्यासाठी वडील त्या वेळी हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले आहे. बहिणीला वर्षानुवर्षे तारखांना फिरविणाऱ्या भावाचा बचावच खोटा ठरू शकतो, आणि कलम ३५-अ खोट्या बचावालाही लागू आहे.

ज्यांच्या उसाच्या क्षेत्रावर दावा चालू आहे, त्यांनी लागणीची नोंद देताना मनाई हुकूम असल्यास त्याची नक्कल गट कार्यालयात दाखवावी.

— ऊस विकास अधिकारी