थंडीतले तोरणमाळ

कुठे : सातपुड्याच्या पठारावर, सुमारे 1,150 मीटर उंचीवर. शहाद्याहून साधारण 55 किमी. थंड हवेचे ठिकाण.

कधी : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कडाक्याच्या थंडीत सातपुड्यात पहाटे गवतावरचे दव गोठते, गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो. दुपारी मात्र ऊन चटकते. स्वेटर, कानटोपी हवीच.

काय पाहाल : यशवंत तलावाकाठी सकाळची रपेट, खडकी पॉइंट, मच्छिंद्रनाथांची गुहा, गोरक्षनाथ मंदिर. सीताखाईची दरी हिवाळ्यात स्वच्छ दिसते, धबधबा पावसाळ्यातलाच.

वाटेत : तापीकाठच्या सारंगखेड्याचा घोडेबाजार. दत्तजयंतीला, मार्गशीर्ष पौर्णिमेला यात्रा सुरू होते. तारीख दरवर्षी बदलते.

जपून : घाटात वळणे तीव्र. उजेडातच चढावे.