भिंग तेच, दृश्य निराळे

उज्जैनच्या फ्रीगंजमधील टावर चौकात सायंकाळी घड्याळाच्या मनोऱ्याचे छायाचित्र घेणाऱ्यांची वाण नसते. श्रोतेहो, अशी कल्पना करा की, दोन मित्र मनोऱ्यापासून २० मीटरवर एकाच जागी उभे आहेत. दोघांच्याही कॅमेऱ्यांना ५० मिलिमीटरचे भिंग आहे. तरीही एकाच्या चित्रात मनोऱ्याच्या दोन्ही अंगांचा बाजार उतरतो; दुसऱ्याच्या चित्रात तो कापला जातो. दुसऱ्याला वाटते, भिंग हिणकस निघाले. आता हजारो रुपये घालून नवा कॅमेरा घ्यावा. बिचाऱ्या भिंगाचा यात काडीचाही दोष नाही.

भिंग आपल्या मागे वर्तुळाकार प्रतिमा पाडते. पूर्वी ती फिल्मवर पडे, आता सेन्सरवर पडते. हा आयताकृती तुकडा त्या वर्तुळातून जेवढा भाग उचलील, तेवढेच आपले चित्र. हिशेब शाळेतल्या त्रैराशिकाचा आहे. सेन्सरची रुंदी नाभीय अंतराने भागावी आणि वस्तूच्या अंतराने गुणावी. पहिल्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद. त्याला मनोऱ्यापाशी १४.४ मीटरचा पट्टा दिसतो. दुसऱ्याचा सुमारे २४ मिलिमीटर. त्याच्या वाट्याला ९.६ मीटर.

दुकानदार यालाच ‘५० चे ७५ होते’ असे म्हणतात. बोलणे सोयीचे, पण फसवे. नाभीय अंतर आहे तेवढेच राहते; कडा मात्र चित्राबाहेर जातात. म्हणून नुसत्या आकड्याला अर्थ नाही. १२० फिल्मच्या चौकोनी चित्रांच्या कॅमेऱ्यांत ८० मिलिमीटरचे भिंग सर्वसाधारण समजले जाई. उलट, फोनमधले जेमतेम ७ मिलिमीटरचे भिंग १० मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर याच जागेवरून २८ मीटरहून अधिक रुंदी टिपते.

मग त्या मित्राने काय करावे? ३० मीटरपर्यंत मागे सरकावे, तर १४.४ मीटर रुंदी मिळेल (चौकातल्या वाहनांनी सरकू दिले तर!). पण चित्र तेच होणार नाही. समोरची हातगाडी लहान होईल, आणि मागच्या इमारती मनोऱ्याला खेटून उभ्या असल्यासारख्या भासतील. जवळच्या व दूरच्या वस्तूंचे परस्परप्रमाण आपण कोठे उभे आहोत यावरच ठरते, भिंगावर नव्हे. मूळ जागा न सोडता ३३ मिलिमीटरचे भिंग लावले, तर पहिल्या मित्राइतकेच दृश्य मिळते आणि हे प्रमाणही ढळत नाही. कॅमेरा बदलावा लागत नाही. मात्र हे भिंग खास लहान सेन्सरसाठी घडवलेले असेल, तर पहिल्या मित्राने ते उसने मागू नये. त्याचे प्रतिमावर्तुळ ३६ मिलिमीटरच्या सेन्सरला पुरत नाही आणि चित्राचे चारही कोपरे काळे येतात.