उल्हासकाठचं बदलापूर

बदलापूरला लोकलमधून उतरणारा माणूस नदीकडे बघत नाही. त्याला घर गाठायचं असतं. पण पश्चिमेला जुनं गाव मागे टाकून बॅरेज रोडने पुढे गेलं की उल्हास भेटते. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी इतकं संथ, की पलीकडच्या काठावरची झाडं पाण्यात उलटी उभी दिसतात. तेही ऐन मे महिन्यात, कोकणातल्या कितीतरी नद्यांचे नुसते धोंडे उरलेले असतात तेव्हा.

हे उन्हाळ्यातलं पाणी बरंचसं घाटावरचं आहे. आंध्रा नदी मूळची इंद्रायणीची, म्हणजे भीमा-कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागराला जाणारी. ठोकरवाडीला धरण बांधून टाटांनी ते पाणी बोगद्यातून कोकणात उतरवलं. १९२२पासून ते भिवपुरीच्या वीजघरातली चाकं फिरवतं आणि उल्हासेत येतं. पूर्वेच्या समुद्राला जायचं पाणी बदलापूरच्या घागरीत पडतं, याचं मला आजही नवल वाटतं. ज्या नळाला आपण रोज तोंड लावतो, त्याची ही गोष्ट इथल्या प्रत्येक शाळेत सांगायला हवी.

नावाबद्दल गावात सांगतात, की इथे घोडे बदलत, म्हणून बदलापूर. खरं बदललं ते रेल्वेने. बोरघाटाच्या पायथ्याकडे जाणारा लोहमार्ग १८५६मध्ये याच खोऱ्यातून गेला. रुळांनी नदीचीच वाट धरली. रेल्वेच्या कितीतरी आधीपासून शेजारच्या अंबरनाथला १०६०चं शिलाहारकालीन शिवमंदिर वालधुनीच्या काठी उभं आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित राहिले, तेव्हा १९४९मध्ये त्या वसाहतीला नाव मिळालं तेही उल्हास नदीवरून, उल्हासनगर.

बदलापूर मात्र बराच काळ भातखाचरांचं गाव राहिलं. मग मुंबईत घर न परवडणारी माणसं कल्याणच्याही पुढे सरकत इथे आली. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१मध्ये सुमारे ९८ हजार होती, २०११मध्ये १ लाख ७४ हजार. २०२१ची जनगणना झालीच नाही, पण सकाळच्या सीएसएमटी लोकलच्या दारात उभं राहिलं की वाढ अंगालाच कळते. बेलवली, मांजर्ली, वालिवली, कात्रप ही एके काळची गावं आता रिक्षावाल्याला सांगायचे पत्ते झाली आहेत.

नदीला मात्र तिची जुनी हद्द पाठ आहे. २६ जुलै २००५च्या महापुरात तिने ती दाखवली. २०१९च्या जुलैत बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्याने वेढली गेली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. हेंद्रेपाड्यासारख्या सखल भागात पाणी चढू लागलं की तळमजल्यावरची माणसं सामान उचलून वर नेतात. नदी ओसंडून जिथे पसरायची, तिथे बांधकामं होऊ देणं ही चूक आहे, आणि तिची किंमत घर विकणारा नव्हे, घेणारा मोजतो.

पावसाच्या तोंडावर जांभळं येतात. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आसपासच्या पाड्यांवरच्या बाया पहाटे झाडाखालून वेचलेली, अजून दव असलेली फळं टोपलीत घेऊन बसतात आणि पानाच्या द्रोणात भरून देतात. ऑफिसला निघालेली माणसं द्रोण हातात धरूनच लोकलमध्ये चढतात. अंबरनाथ येईपर्यंत जीभ जांभळी झालेली असते.