सजीव पेशीतील पीएच मूल्याचे मापन : अनुस्फुरक रंजके आणि अंशांकन

पेशीतील बहुतेक विकरांची क्रियाशीलता पीएच मूल्यावर अवलंबून असते. सस्तन प्राण्यांच्या पेशींत जीवद्रव्याचे पीएच मूल्य सामान्यतः 7.2 च्या आसपास असते. काचेचा सूक्ष्म विद्युदग्र मोठ्या पेशीत शिरविता येतो. लहान पेशीत, अथवा पेशीतील लायसोसोमसारख्या कोशात, तो शिरविणे जवळजवळ अशक्य होय. अशा ठिकाणी अनुस्फुरक रंजकांचा अवलंब करावा लागतो.

बायर याने 1871 मध्ये तयार केलेले फ्लुओरेसीन हे या रंजकांचे मूळ होय. आम्लता वाढली की 490 नॅनोमीटरच्या प्रकाशाने उद्दीपित होणारे त्याचे अनुस्फुरण घटते. परंतु रंजक पेशीबाहेर झिरपले किंवा प्रकाशाने विरंजित झाले तरीही तेज घटतेच. म्हणून केवळ तेजावरून आम्लतेचा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. सुमारे 440 ते 450 नॅनोमीटरच्या उद्दीपनाने मिळणारे तेज पीएच मूल्यानुसार फारच थोडे बदलते. या दोन तेजांचे गुणोत्तर घेतल्यास रंजकाच्या परिमाणाचा प्रभाव बव्हंशी नाहीसा होतो. ओकुमा व पूल यांनी 1978 मध्ये उंदराच्या महाभक्षक पेशींना फ्लुओरेसीनयुक्त डेक्स्ट्रान ग्रहण करावयास लावले आणि याच तत्त्वाने लायसोसोमचे पीएच मूल्य 4.7 ते 4.8 असल्याचे दाखविले. जीवद्रव्यासाठी 1982 मध्ये रिंक, त्सिएन व पोझ्झान यांनी बीसीईसीएफ हे रंजक प्रचारात आणले. त्याचे पीके मूल्य सुमारे 7.0 असल्याने ते जीवद्रव्यास अनुरूप आहे, लायसोसोमला नाही.

गुणोत्तराचे पीएच मूल्यात रूपांतर करण्यासाठी अंशांकन आवश्यक असते. चंचुपात्रातील विद्रावावरून काढलेला आलेख येथे पुरेसा नाही, कारण प्रथिनांशी संलग्न झाल्याने रंजकाचे वर्तन बदलते. म्हणून पोटॅशियम व हायड्रोजन आयनांची अदलाबदल घडविणारे नायजेरिसिन वापरतात. बाहेरील व आतील पोटॅशियमचे प्रमाण समान असेल, तर दोन्हीकडील पीएच मूल्यही समान होते. मात्र आतील प्रमाण 140 ऐवजी 120 मिलिमोल प्रति लिटर असेल, तर सुमारे 0.07 ची त्रुटी उद्भवते. पेशींतील अनेक महत्त्वाचे बदल 0.1 ते 0.2 इतकेच असतात. तेव्हा अंशांकनाची पद्धती व पोटॅशियमचे प्रमाण नमूद केल्यावाचून दिलेला पीएच आकडा दिसावयास अचूक असला, तरी विश्वासार्ह ठरत नाही.