ओझरचे पाणी, शेवटच्या शेतापासून

पदाचा अधिकार वापरताना, ज्याचा आवाज निर्णयापर्यंत पोहोचत नाही त्याच्या हिताचाही भार स्वतःवर घेणे, यालाच जबाबदार नेतृत्व म्हणतात. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पाच्या पाणीवापर संस्था, म्हणजे कालव्याच्या पाण्याचे वाटप आणि पट्टीवसुली स्वतः करणाऱ्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था, हे त्याचे ठळक उदाहरण होय. निफाड तालुक्यातील ओझर हे गाव वाघाडच्या कालव्याच्या ‘शेपटाला’, म्हणजे पाणी सर्वांत शेवटी आणि बहुधा अपुरे पोहोचते अशा टोकाला आहे. तेथील समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी शेतकऱ्यांना संघटित करून महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा या तीन संस्था उभ्या केल्या. पाणीपट्टी क्षेत्रावर न आकारता पाणी घनमापनाने, म्हणजे मोजून घ्यायचे, पीक कोणते घ्यायचे हे शेतकऱ्याने ठरवायचे आणि बंधाऱ्यांत पाणी मुरवून विहिरींनाही बळ द्यायचे, अशी ही घडी होती. हिशेब सर्वांसमोर मांडण्याची शिस्त हे तिचे खरे बळ मानावे लागेल. पुढे संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे आले. राज्याच्या २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने घनमापन, पीकस्वातंत्र्य आणि संचालक मंडळात शीर्ष, मध्य व शेपूट या तिन्ही भागांना समान प्रतिनिधित्व ही तत्त्वे सर्व महाराष्ट्रासाठी स्वीकारली.