भेसळ काढायची सकाळ

सोमाटणे फाट्यावरून शिरगावच्या रस्त्याला लागलं की टोलनाक्याचा गोंगाट मागं पडतो आणि उरलीसुरली भातखाचरं दिसू लागतात. ऑक्टोबरच्या मध्यावर, दाणा भरत आलेला असताना, बियाण्यासाठी राखलेल्या खाचरात भेसळ, म्हणजे वाणाशी न जुळणारी झाडं, काढतात. शेतकरी आधी बांधावर नुसता उभा राहून बघत होता. मग थेट आत शिरला आणि वीतभर वर डोकावणारं एक झाड मुळासकट उपटून आला. मला तोवर सगळं खाचर सारखंच दिसत होतं.

मीही उतरलो. अर्ध्या तासानं डोळा बसला. एकाची लोंबी आधीच पिवळी पडलेली, एकाचं तूस तांबूस. एक दांडगं झाड मी मोठ्या उत्साहानं उपटलं, तर ते अस्सल निघालं. ढिगाऱ्यातलं शेणखत तिथं जास्त सांडलं होतं, म्हणून माजलेलं. खतानं आलेली उंची बियाण्यात उतरत नाही, वंशातली उतरते. वरून मात्र दोन्ही सारख्याच दिसतात.

खाचर इंद्रायणीचं होतं. हे वाण इथलंच, वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राचं. आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांचा संकर, १९८७ साली प्रसारित झालेला. आंबेमोहराला घमघमाट होता, पण काडी उंच; वारा-पाऊस आला की पीक लोळायचं. आयआर-८ बुटका, उत्पन्नाला दणकट, चवीला बेताचा.

भाताचं फूल स्वतःचेच पराग घेतं. म्हणून संकर करताना तुसाचं टोक कापून चिमट्यानं सहाही पुंकेसर काढतात. एक जरी राहिला तरी मेहनत फुकट. मग पिशवी बांधायची आणि दुसऱ्या वाणाचे पराग वरून झटकायचे. पहिली पिढी एकसारखी उगवते. दुसरीत सगळी जत्रा भरते: उंच, बुटकी, हळवी, गरवी, वासाची, बिनवासाची. वास काही डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा पानाचे तुकडे कॉस्टिक पोटॅशच्या पातळ पाण्यात ठेवून हुंगतात. ही जत्रा हेच पैदासकाराचं भांडवल. त्यातून निवडत निवडत, पिढ्यामागून पिढ्या, तो एकसारखं खाचर मिळवतो. आणि बियाणं राखणारा त्यात पुन्हा जत्रा भरू देत नाही.

नऊ वाजेपर्यंत अकरा झाडं निघाली. ती म्हशीपुढं टाकली. माझं अस्सल झाडही त्यातच गेलं.