पंडितेची सोपी मराठी

मागे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका सत्कारसमारंभासाठी आम्ही मानपत्र लिहून दिले होते. मराठीचे एम. ए., त्यातून मुख्याध्यापक. संस्कृतप्रचुर समासांची आरास मांडण्यात आम्ही कसर ठेवली नाही. टाळ्याही पडल्या. समारंभ आटोपल्यावर एक वयोवृद्ध आजी जवळ येऊन म्हणाल्या, "मास्तर, ऐकायला फार गोड वाटलं हो, पण सत्कार कशाबद्दल होता, तेवढं सांगता का?" मानपत्र दुसऱ्याचे होते, गौरव मात्र आम्ही स्वतःचाच करून घेतला होता, हे घरी परतताना ध्यानात आले.

तेव्हापासून पंडिता रमाबाईंचे बायबल आम्हांस निराळे दिसू लागले.

विद्वत्तेचा अभिमान कोणास शोभला असता तर तो रमाबाईंस. १८७८ साली, अवघ्या विसाव्या वर्षी, कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिकेत व्याख्याने गाजली. १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले. आणि इतके सारे पदरी असता, १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्या प्रांजळपणे सांगतात की बाप्तिस्म्याच्या वेळी आपणांस धर्म गवसला होता, ख्रिस्त नव्हे. तो भेटला सुमारे आठ वर्षांनी. आपली ओंजळ रिकामी होती हे जगाने भरलेली म्हणून वाखाणल्यावर कबूल करणे सोपे नाही.

मनुष्याजवळ जे आहे ती देणगी आहे, कमाई नव्हे, हा पौलाच्या पत्रांतील आवडता मुद्दा. गौरव म्हणून देणाऱ्याचा. परंतु गर्व मोठा चतुर असतो. तो सेवेत शिरतो, त्यागात शिरतो, नम्रतेच्या घरातही बिऱ्हाड करतो. शाळेचा निकाल चांगला लागला की "ईश्वराची कृपा" असे आम्ही म्हणतो खरे, पण कोणी "छे, सर, श्रेय तुमचेच" म्हणेपर्यंत तेथून हलत नाही!

नम्रता म्हणजे सर्वांपुढे मान तुकवणे, असा मात्र रमाबाईंचा समज नव्हता. वाँटेजच्या भगिनी व आंग्ल धर्माधिकारी ह्यांच्याशी त्यांनी पत्रांतून सडेतोड वाद घातला. आपल्या सद्विवेकाचा ताबा त्यांनी कोणाही मनुष्याच्या हाती दिला नाही. देवापुढे वाकणे आणि अधिकाऱ्यापुढे वाकणे ह्यांतील हे अंतर आम्हां सरकारी नोकरांस जरा उशिराच कळते.

त्यांच्या नम्रतेची खरी जागा केडगावच्या मुक्ती सदनात सापडते. १८९६–९७ च्या दुष्काळानंतर तेथे निराधार मुली व स्त्रिया शेकड्यांनी आल्या. त्यांना समजेल असे बायबल हवे, म्हणून रमाबाई प्रौढ वयात हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची अखेरची पंधरा-सोळा वर्षे त्यांनी मूळ भाषांवरून भाषांतर केले. संस्कृत ज्यांच्या जिव्हाग्री, त्यांनी संस्कृत शब्द निवडून निवडून बाजूस सारावे आणि अल्पशिक्षित बाईचा शब्द घ्यावा! आम्हांस हा त्याग पदव्यांच्या त्यागाहून मोठा वाटतो. ग्रंथ मुक्तीच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातांनी जुळवून छापला गेला.

१९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा गेली. काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. संपूर्ण बायबल बाहेर पडले १९२४ साली. ते त्यांनी पाहिले नाही. ख्रिस्ती मंडळ्यांतून प्रचार राहिला तो दुसऱ्याच भाषांतराचा.

पुढील मानपत्राचा मसुदा आम्ही प्रथम त्या आजींस वाचून दाखवला. त्यांनी तीन शब्द काढावयास लावले. दोन आम्ही निमूटपणे काढले. तिसऱ्यासाठी बराच वेळ हुज्जत घातली.